दगडावर कोरलेलं माप

मोदेनाच्या पियाझ्झा ग्रांदे या मुख्य चौकाकडे तिथल्या कॅथीड्रलची पाठ आहे. त्या पाठीच्या अर्धगोल भिंतीवर, माणसाचा हात सहज पोचेल अशा उंचीवर, दगडात काही आकृत्या कोरल्या आहेत. नवख्याला ती नक्षी वाटते. प्रत्यक्षात ती जुनी मापं आहेत: विटेचं, छपराच्या कौलाचं, कापड मोजायच्या हाताचं, जमीन मोजायच्या काठीचं. चौकात बाजार भरायचा आणि विकली जाणारी वीट पुरेशी मोठी आहे की नाही, याचा निवाडा ही भिंत करायची. समोर नगरपालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर 1268 सालचा एका स्त्रीचा छोटा पुतळा आहे. लोक तिला 'बोनिस्सिमा' म्हणतात, आणि बाजारातली मापं खरी आहेत ना हे बघणाऱ्या कचेरीशी तिचं नातं सांगतात. त्याच चौकात 'प्रेदा रिंगादोरा' नावाची मोठी शिळा पडून आहे. तिच्यावर उभं राहून वक्ते भाषणं करीत, आणि कर्ज बुडवणाऱ्यांची जाहीर मानहानीही तिथेच होई. माप, देखरेख आणि चारचौघांतली लाज या तिन्ही गोष्टी इथे एका चौकात, उघड्यावर मांडलेल्या आहेत.

प्रवासी पत्रकांत मात्र मोदेनाची ओळख एका ठरलेल्या वाक्याने करून देतात: जेवण सावकाश, गाड्या सुसाट. बोलोन्याहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोचता येणारं, दोन लाखांच्या आत वस्तीचं हे शहर. बाल्सामिक व्हिनेगर त्याच्या नावाने जगभर जातं, पार्मिजानो रेज्जानो चीजच्या पट्ट्यात त्याचा जिल्हा मोडतो, आणि फेरारी, मासेराती, पगानी ही गाड्यांची नावं त्याच्याच परिसराशी जोडलेली आहेत. त्यामुळे ते वाक्य खपतं, आणि प्रवासी शहराचे दोन वेगवेगळे तुकडे बघून परततो. एकाच गावात या दोन्ही गोष्टी का रुजल्या, हा प्रश्न तसाच राहतो. माझ्या मते त्याचं उत्तर त्या भिंतीवर आहे. आपलं काम चारचौघांत, दुसऱ्याच्या मापाला लावून दाखवायची सवय हा मोदेनाचा खरा वारसा. व्हिनेगरचा थेंब आणि बारा सिलिंडरचं इंजिन ही त्याच सवयीची दोन पिकं. दावा मोठा आहे, म्हणून पुरावे एकेक करून तपासायला हवेत.

पहिला पुरावा पोटमाळ्यावर आहे. 'आचेतो बाल्सामिको त्रादित्सियोनाले', म्हणजे पारंपरिक बाल्सामिक, फक्त द्राक्षाच्या रसापासून होतं. त्रेब्बियानो, लांब्रुस्को अशा स्थानिक द्राक्षांचा रस उघड्या भांड्यात मंद आचेवर तासन् तास आटवतात; आपल्याकडे गुऱ्हाळात काकवी करतात त्याच्या जवळपास जाणारी ही क्रिया आहे. आटलेला रस आंबतो, मग आंबट होतो आणि पिंपांत जातो. ही पिंपं म्हणजे आडवी मांडलेली उतरंडच: पहिलं मोठं, मग त्याहून लहान, मग आणखी लहान. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशी वेगवेगळी लाकडं, आणि प्रत्येक लाकडाचा वास वेगळा. पिंपाच्या माथ्यावर झाकणाऐवजी एक भोक असतं आणि त्यावर पातळ कापड पसरलेलं असतं, कारण रसाला हवा हवी असते. पिंपं पोटमाळ्यावर ठेवतात, कारण तिथे उन्हाळ्यात छप्पर तापून पाणी उडतं आणि हिवाळ्याच्या गारठ्यात रस निवळतो. दर वर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडंसं काढून घेतात. तेवढी भर शेजारच्या मोठ्या पिंपातून घालतात, त्याची त्याहून मोठ्यातून, आणि सर्वांत मोठ्यात त्या वर्षीचा नवा रस ओततात. म्हणून बाटलीतल्या थेंबात एकच वर्ष नसतं. आजोबांनी ओतलेल्या रसाचा अंशही त्यात उरलेला असतो. घरात मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांची अशी उतरंड मांडायची आणि लग्नात ती आंदण म्हणून द्यायची, ही इथली जुनी रीत. शहराने तर नगरपालिकेच्या इमारतीच्या पोटमाळ्यावर स्वतःच्या मालकीची पिंपं ठेवली आहेत. 1325 सालच्या लढाईत बोलोन्याकडून हिसकावून आणलेली लाकडी बादली ज्या इमारतीत जपली आहे, तीच ही इमारत.

इथवरची गोष्ट कुठल्याही जुन्या घराण्याच्या पाककृतीची असू शकली असती. मोदेनाचं वेगळेपण पुढे आहे. बारा वर्षं सांभाळलेलं व्हिनेगर मालकाला स्वतः बाटलीत भरून विकता येत नाही. ते तज्ज्ञ चवपारख्यांपुढे न्यावं लागतं. कुठल्या घराचं व्हिनेगर आहे हे त्यांना सांगितलं जात नाही. ते रंग आणि दाटपणा बघतात, वास घेतात, चव घेऊन गुण देतात. उत्तीर्ण झालं तर ते ठरावीक बाटलीतच भरलं जातं आणि तिच्यावर क्रमांकाची पट्टी लागते. किमान पंचवीस वर्षं मुरलेल्याला 'एक्स्त्रावेक्किओ' म्हणजे अतिजुनं हा दर्जा मिळतो. नापास झालं तर पिंपं पुन्हा पोटमाळ्यावर, आणखी काही वर्षं. ज्याने आयुष्याचा तिसरा हिस्सा एका रसाला दिला, त्याला तो रस चांगला आहे असं स्वतः म्हणायची मुभा नाही. आणि ती 100 मिलिलिटरची, चौकोनी काचेच्या पायावर बसवलेली गोलसर बाटली जोर्जेतो जुजारोच्या संस्थेने घडवली आहे. हा माणूस गाड्यांचा आराखडाकार. 1966 सालची मासेराती गिब्ली त्याच्या हातची, आणि भारतीय रस्त्यांवर धावलेल्या फियाट ऊनो आणि देवू मॅटिझ यांचं रूपही त्याचंच. व्हिनेगरवाल्यांना बाटली हवी होती, आणि ते गाडी घडवणाऱ्याकडे गेले. दोन धंद्यांमध्ये भिंत नव्हती, हे यावरून दिसतं.

दुसरा पुरावा कानाने ऐकायचा आहे. पार्मिजानो रेज्जानो हे पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना हे तीन पूर्ण जिल्हे आणि बोलोन्या व मांतोव्हा यांचे काही भाग एवढ्याच पट्ट्यात करायची परवानगी आहे. संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट हौदात ठेवून वर आलेली साय काढतात, त्यात सकाळचं ताजं दूध मिसळतात आणि ते उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या कढईत ओततात. आदल्या दिवसाची निवळी हे त्याचं विरजण. वासराच्या जठरातलं रेनेट घालून दूध साकळवतात आणि ती दह्यासारखी गाठ जाळीदार झाऱ्याने गव्हाच्या दाण्याएवढी बारीक करतात. सुमारे पंचावन्न अंशांवर तापवलं की ते कण तळाशी बसून त्यांचा एक गोळा होतो. कारागीर तो लाकडी फावड्याने उचलून मलमलीत घेतो आणि मधोमध कापतो. एका कढईतून अशी दोन जुळी चाकं निघतात. साधारण साडेपाचशे लिटर दूध एका चाकात जातं आणि त्याचं वजन चाळीस किलोंच्या घरात भरतं. साच्यात असतानाच सालीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटतं, मग मिठाच्या पाण्यात काही दिवस आणि नंतर फळीवर महिनोन् महिने.

बारा महिने भरले की उत्पादक संघाचा पारखी येतो. त्याच्या हातात छोटी हातोडी असते. तो चाक फळीवर फिरवतो, ठिकठिकाणी हलके ठोके देतो आणि ऐकतो. आवाज सगळीकडून सारखा, भरीव आला तर आत भेग नाही. एखाद्या जागी ठोका पोकळ वाजला, तर आत हवा आहे किंवा चीज फुटलं आहे. शंका आली तर बारीक सळई टोचून वास घेतात. पास झालेल्या चाकाच्या सालीवर तापल्या लोखंडाने मोहोर उठते. नापास झालेल्याच्या सालीवरचे ते ठिपके खरवडून काढतात. चीज टाकून देत नाहीत. ते खायला योग्यच असतं आणि विकलंही जातं. पण त्याच्यावर पार्मिजानो रेज्जानो हे नाव राहत नाही. या एका कृतीकडे मला पुन्हा पुन्हा लक्ष वेधायचं आहे. नाव लावणं सगळ्यांनाच येतं. लावलेलं नाव स्वतःच्याच मालावरून खरवडायची व्यवस्था फार थोड्यांनी केली आहे. आणि हे माप किती पक्कं आहे, याची साक्ष बँक देते. इथली क्रेदितो एमिलियानो ही बँक चीजची चाकं तारण ठेवून उत्पादकांना कर्ज देते. तिच्या गोदामांपैकी एक मोदेना जिल्ह्यातल्या कास्तेलफ्रांको एमिलियामध्ये आहे. सराफाकडे सोनं ठेवावं तशी ही चाकं फळ्यांवर मुरत पडलेली असतात. बँक चव बघून कर्ज देत नाही. ती सालीवरच्या शिक्क्यावर विश्वास ठेवते.

आता गाड्यांकडे वळू. एन्झो फेरारी 1898 साली मोदेनात जन्मला. रेल्वेसाठी लोखंडी काम करणारा वडिलांचा कारखाना घराला लागूनच होता. आज तिथेच त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. 1929 साली त्याने मोदेनातच 'स्कुदेरिया फेरारी' हा शर्यतसंघ काढला, तेव्हा तो आल्फा रोमिओच्या गाड्या पळवत होता. युद्धकाळात 1943 साली कारखाना जवळच्या मारानेल्लोला हलला आणि 1947 साली फेरारी नावाची पहिली गाडी, 125 एस, तिथून बाहेर पडली. मासेरातीचा जन्म 1914 सालचा, बोलोन्यातला. 1937 साली अदोल्फो ओर्सी या मोदेनाच्या उद्योगपतीने ती घेतली आणि थोड्याच काळात कारखाना मोदेनात आणला. म्हणजे युद्धानंतरच्या वर्षांत दोन कट्टर प्रतिस्पर्धी एकाच छोट्या शहराच्या हवेत काम करीत होते. एकाचा मिस्त्री दुसऱ्याचा शेजारी, आणि 1950 साली सुरू झालेला शहरालगतचा धावपट्टा दोघांचाही. त्या पट्ट्यावर कोणाच्या गाडीने किती सेकंदांत फेरी मारली, हे लपत नसे. बाजारातली वीट भिंतीला लावून बघणं आणि गाडीला स्टॉपवॉच लावणं यांत मला एकाच स्वभावाची खूण दिसते. 125 एस मे 1947 मध्ये पिआचेन्झाच्या शर्यतीत उतरली, आघाडीवर असताना इंधनाच्या पंपाने दगा दिला आणि ती बाद झाली. त्याच महिन्यात रोममध्ये ती जिंकली. नवी कंपनी पहिलं अपयश झाकून ठेवू शकली नसती, कारण ते हजारो लोकांसमोर घडलं होतं. दुरुस्ती दोन आठवड्यांत झाली, याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

हे काम करणारे हात कुठून आले, याचं उत्तर एका नावापुरतं नाही. सेर्जो स्काल्येत्ती वाळूने भरलेल्या पिशवीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून हातोडीने ठोकत फेरारीची अंगं घडवीत असे. ज्या 250 जीटीओ गाडीसाठी आज लिलावात कोट्यवधी डॉलर मोजले जातात, तिचं रूप अशा ठोक्यांतून आलं. या हातांमागे एक कडू इतिहासही आहे. 9 जानेवारी 1950 रोजी ओर्सी यांच्याच मालकीच्या ओतकारखान्यासमोर टाळेबंदीविरुद्ध जमलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि सहा कामगार मेले. त्या काळात मोठ्या कारखान्यांतून अनेक कुशल कामगार काढून टाकले गेले. 1953 साली महापौर आल्फेओ कोरास्सोरी यांच्या नगरपालिकेने शहराच्या पश्चिमेला जमीन घेऊन तिचे भूखंड अशा कारागिरांना परवडेल त्या दरात दिले. खाली यंत्रशाळा, वर घर, अशी ती वसाहत 'कारागिरांचं गाव' म्हणून ओळखली जाते. कामावरून गेलेला माणूस दुसऱ्याच्या आराखड्याप्रमाणे सुटे भाग करून देणारा मालक झाला. अशा ठिकाणी मायक्रोमीटर हाच न्यायाधीश. भाग मापात बसला तर घेतला, नाहीतर परत. पुढे याच जिल्ह्यातल्या मिरांदोला गावात 1960 च्या दशकात मारिओ व्हेरोनेसी या औषधविक्रेत्याने डायलिसिससाठी लागणारी, एकदा वापरून टाकायची उपकरणं बनवायला सुरुवात केली, आणि त्यातून युरोपातला वैद्यकीय उपकरणांचा एक मोठा पट्टा उभा राहिला. रुग्णाच्या रक्ताला लागणारी नळी आणि शर्यतीच्या गाडीचा झडपदांडा या दोन्हींत चुकीला जागा नसते. ज्या मातीत एक कसब रुजलं, तिथेच दुसरंही रुजलं.

या मांडणीवर पहिला आक्षेप इतिहासकाराचा आहे, आणि तो गंभीर आहे. पार्मा विद्यापीठात शिकवणारे आल्बेर्तो ग्रांदी हे संशोधक अनेक वर्षं सांगत आहेत की इटालियन खाद्यपरंपरांपैकी बऱ्याचशा युद्धोत्तर सुबत्तेच्या काळात घडल्या आणि त्यांना प्राचीनत्वाचा मुलामा नंतर चढवला गेला. बाल्सामिकला ही टीका काही अंशी लागू पडते. 1046 साली सम्राट तिसऱ्या हेन्रीने कानोस्साच्या बोनिफाचोकडून व्हिनेगर मागवल्याचा उल्लेख दोनित्सो या साधूने केला आहे, पण ते आजचंच व्हिनेगर होतं असं त्यावरून ठरत नाही. 'बाल्सामिको' हा शब्द एस्ते घराण्याच्या तळघरांच्या नोंदीत 1747 साली दिसतो, आणि पिंपांच्या पद्धतीचं नीट वर्णन फ्रांचेस्को अगाझ्झोत्ती यांच्या 1862 सालच्या पत्रात येतं. स्पिलांबेर्तोचं जाणकारांचं मंडळ 1967 सालचं, आणि संरक्षित नावाची युरोपीय नोंदणी 2000 सालची. तेव्हा 'हजार वर्षांची अखंड परंपरा' हे विधान मी करणार नाही. पण माझ्या मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही. नियम जेव्हा लिहिले गेले, तेव्हाच नावाला बाजारात भाव येऊ लागला होता. भाव आला की भेसळ येते. त्या क्षणी मोदेनाने चवपारखे बसवले. परंपरा जुनी असण्यापेक्षा ती तपासाला खुली असणं मला महत्त्वाचं वाटतं, आणि तपासाला तारखेची गरज नसते.

दुसरा आक्षेप दुकानाच्या फळीवरून येतो. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये जी मोठी, स्वस्त बाटली 'बाल्सामिक व्हिनेगर ऑफ मोदेना' म्हणून मिळते, ती वरच्या वर्णनातली नव्हे. ते आयजीपी दर्जाचं, म्हणजे सैल नियमांचं व्हिनेगर. त्यात वाइनचं व्हिनेगर आणि द्राक्षरस एकत्र करतात आणि किमान साठ दिवस मुरवलं की ते विकता येतं. दर वर्षी असं कोट्यवधी लिटर व्हिनेगर तयार होतं आणि त्याचा बहुतेक भाग परदेशी जातो. एकाच गावाचं नाव बारा वर्षांच्या आणि साठ दिवसांच्या मालावर असेल, तर मापाची गोष्ट पोकळ नाही का? मला हा आक्षेप निम्मा मान्य आहे. दोन्ही मालांना एकमेकांसारखं नाव देणं ही मोदेनाच्या उत्पादकांची सोय आहे, गिऱ्हाइकाची नव्हे. वर न्यायालयानेही त्यांच्या संरक्षणाला मर्यादा घातली: 2019 साली युरोपीय न्यायालयाने एका जर्मन कंपनीच्या प्रकरणात निकाल दिला की संरक्षण पूर्ण नावाला आहे, 'आचेतो' आणि 'बाल्सामिको' हे शब्द सुटे कोणालाही वापरता येतील. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग टिकत नाही. साठ दिवसांच्या बाटलीवरही नियम छापील आहेत, घटक छापील आहेत, आणि वाचणाऱ्याला फरक कळतो. बाटली 100 मिलिलिटरची आणि ठरावीक आकाराची आहे का, 'त्रादित्सियोनाले' हा शब्द आहे का, एवढं बघितलं तरी पुरे. एकीची किंमत दुसरीच्या अनेक पट का, हे मग विचारावं लागत नाही. सॅलडला स्वस्त बाटली उत्तम आहे. दुसरीचे चार थेंब चीजच्या तुकड्यावर घ्यावेत आणि ती आचेवर कधीही ठेवू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण तो माणसांच्या जिवाचा आहे. स्टॉपवॉच हे जाहीर माप असलं तरी ते आंधळं आहे. 14 मार्च 1957 रोजी मोदेनाच्याच धावपट्ट्यावर एउजेन्यो कास्तेलोत्ती हा तरुण चालक फेरारीची चाचणी घेताना मेला. मासेरातीने केलेला फेरीचा विक्रम परत मिळवायचा होता. त्याच वर्षी 12 मे रोजी मिल्ले मिल्या शर्यतीत ग्विदित्सोलो गावाजवळ फेरारीचा टायर फुटला, दोन्ही गाडीस्वार आणि नऊ प्रेक्षक मेले, त्यांत पाच मुलं होती. रस्त्यावरची ती शर्यत त्यानंतर बंद झाली. एन्झो फेरारीवर खटला चालला आणि 1961 साली त्याची निर्दोष मुक्तता झाली. मोदेनाचा धावपट्टा आज एक बाग आहे. हा हिशेब मोदेनाच्या वारशातून वगळता येत नाही. हवेचंही तसंच. पो नदीचं खोरं तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे. कारखाने, वाहनं आणि जनावरांचे गोठे यांचा धूर आणि अमोनिया तिथेच साचतो, आणि युरोपातल्या सर्वांत दूषित हवेच्या पट्ट्यांत त्याची गणना होते. 2020 साली युरोपीय न्यायालयाने सूक्ष्म धूलिकणांची मर्यादा वारंवार ओलांडल्याबद्दल इटलीला दोषी ठरवलं, त्यात या खोऱ्यातले भाग होते. चीजच्या चाकाला हातोडी लावणाऱ्या प्रदेशाने स्वतःच्या श्वासाला माप लावायला उशीर केला, आणि ते बाहेरून लावून घ्यावं लागलं. यातून माझा मुद्दा खोटा ठरत नाही. तो अपुरा राहिला आहे एवढं सिद्ध होतं. माप जिथवर पोचलं तिथवर मोदेना सुधारली. जिथे पोचलं नाही, तिथे ती इतर कुठल्याही औद्योगिक शहरासारखीच आहे.

हीच कसोटी श्रमालाही लावायला हवी. परंपरेची छायाचित्रं बघितली तर वाटावं की सगळं काम तिथल्याच आजोबांनी केलं आहे. पण गेल्या तीन-चार दशकांत या खोऱ्यातल्या गोठ्यांचा मोठा भार पंजाबातून आलेल्या माणसांनी उचलला आहे. शेजारच्या रेज्जो एमिलिया जिल्ह्यात नोव्हेल्लारा गावी 2000 साली मोठा गुरुद्वारा उभा राहिला, तो या वस्तीची खूण. पहाटे गाय पिळणारा माणूस सरदार असला तरी दूध त्याच पट्ट्यातलं आहे, गाय तिथलंच गवत खाते, आणि हातोडीला त्याने फरक पडत नाही. भौगोलिक नावाचं हे उदार अंग आहे: ते जागा मोजतं, जात वा रक्त मोजत नाही. सालीवरच्या शिक्क्यात मात्र मजुरी आणि कामाचे तास यांचं माप नाही, आणि ते असायला हवं, असं मी म्हणेन.

मग प्रवाशाने काय बघावं? दोन दिवस पुरतात, पण क्रम बदलावा. आधी चौक आणि ती मापं. मग कॅथीड्रलचा दर्शनी भाग: 1099 साली सुरू झालेल्या या बांधकामावर शिल्पकार विलिजेल्मोचं नाव आणि त्याची स्तुती दगडात कोरलेली आहे. त्या काळात कारागिराचं नाव असं मिरवणं दुर्मीळ होतं; काम कोणाचं हे सांगायची आणि त्याची जबाबदारी घ्यायची ही सुरुवात. कॅथीड्रल, शेजारचा सुमारे 86 मीटर उंचीचा गिर्लांदिना मनोरा आणि चौक मिळून 1997 पासून जागतिक वारशात आहेत. जवळच 1931 सालची आल्बिनेल्ली मंडई आहे. चीजचा कारखाना बघायचा तर सकाळीच, कारण कढई दिवसातून एकदाच भरते. पिंपांचा पोटमाळा आधी वेळ ठरवून. मारानेल्लोचं संग्रहालय शेवटी ठेवावं, म्हणजे तिथल्या लाल गाडीच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके ओळखू येतात. शाकाहारी वाचकांनी एक लक्षात ठेवावं: पार्मिजानोत वासराचं रेनेट असतं, तोर्तेल्लिनीच्या सारणात डुकराचं मांस आणि भोवतीच्या रश्श्यात कोंबडा. बाल्सामिक मात्र निव्वळ द्राक्षांचं.

जेवणाच्या बाबतीत मास्सिमो बोत्तूरा यांचं नाव टाळता येत नाही. 1995 साली त्यांनी सुरू केलेलं ओस्तेरिया फ्रांचेस्काना 2016 आणि 2018 साली जगातल्या पन्नास सर्वोत्तम उपाहारगृहांच्या यादीत पहिलं आलं. त्यांचा गाजलेला पदार्थ एकाच पार्मिजानोच्या पाच वयांचा आहे. प्रत्येक वयाला वेगळा पोत, वेगळं तापमान. 2012 च्या मे महिन्यात या जिल्ह्यात भूकंप झाला, फळ्या कोसळून चीजची लाखो चाकं पडली, तेव्हा ते चीज वाया जाऊ नये म्हणून त्यांनी त्याची भाताची पाककृती जगभर पोचवली. पण मला त्या ताटापेक्षा शहरातली 'तोर्तेल्लान्ते' ही कार्यशाळा मोठी वाटते. ऑटिझम असलेली तरुण मुलं-मुली तिथे तोर्तेल्लिनी करायला शिकतात. कणीक कागदासारखी पातळ लाटायची, छोटे चौकोन कापायचे, मधोमध चण्याएवढं सारण, त्रिकोणी घडी, आणि मग करंगळीभोवती गुंडाळून दोन टोकं चिमटायची. आपल्या करंजीच्या मुरडीइतकीच ही चिमूट निर्णायक: सैल पडली तर रश्श्यात पारी उघडते. नीट जमलेली तोर्तेल्लिनी कोणाच्या हातची, हे खाणारा ओळखू शकत नाही. माप समान असलं की ते माणसाला दारातून आत घेतं, हे इथे दिसतं.

महाराष्ट्राचा आणि इटलीचा या विषयातला धागा अगदी ताजा आहे. जून 2025 मध्ये प्रादा या इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आधी मुळाचा उल्लेख केला नाही, आणि टीका झाल्यावर भारतीय परंपरेचं ऋण मान्य केलं. आपला संताप रास्त होता. कोल्हापुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. पण मोदेना बघितल्यावर मला दुसरा प्रश्न अधिक टोचतो. कोल्हापूरच्याच बाजारात यंत्राने बनवलेली, रेक्झिनची चप्पल त्याच नावाने विकली जाते तेव्हा ते नाव कोण खरवडतं? मोसमात परप्रांतातला आंबा देवगड म्हणून पेटीत भरला जातो, तेव्हा पेटीवर हातोडी कोण वाजवतं? बाहेरच्याने नाव चोरलं तर आपण न्यायालयात जाऊ शकतो. आपल्याच माणसाने ते स्वस्त केलं तर त्यासाठी गावातच एक भिंत लागते, आणि तिच्यावर माप लागतं.

मोदेना नावं जपणारं शहर आहे असं म्हणतात, ते खरं आहे. पण त्या जपण्याचं रहस्य खरवडण्यात आहे. बारा महिने फळीवर सांभाळलेलं, साडेपाचशे लिटर दुधाचं चाक पारखी उचलतो, ठोका पोकळ वाजतो, आणि त्याच गावचा माणूस त्याच्यावरचं गावाचं नाव पुसून टाकतो. उरलेल्या चाकांवरचं नाव त्यामुळेच वाचण्याजोगं राहतं.